सातवं पाणी

आमच्या दवाखान्यात हजेरीचं यंत्र बसलं त्या सकाळी काकांचा अंगठा त्याला ओळखू येईना. एकदा लावला, दोनदा लावला, फुंकर मारून, पँटला पुसून लावला. यंत्र आपलं लाल दिवा दाखवून 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणत राहिलं. मागे रांग ताटकळलेली. शेवटी काका वळून म्हणाले, "मी आलोच नाही म्हणतंय हे. मग जाऊ का घरी?" सगळे हसले, मीही हसले. नंतर मी त्यांचा हात धरून उजेडात बघितला, तर अंगठ्यावर रेघ म्हणून नव्हती. दहाही बोटं गुळगुळीत, आणि कडेकडेने भेगा. चाळीस वर्षं साबणाच्या भुकटीत हात घातले की ती भुकटी मळाबरोबर माणसाची कातडीही थोडी थोडी घेऊन जाते. तेव्हापासून आम्ही सगळे अंगठा लावायचो आणि काका एकटे वहीत सही करायचे.

काका आमच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचे. एवढंच त्यांचं काम, आणि ते ऐकून कुणी 'एवढंच?' म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमची प्रयोगशाळा भाजलेल्या माणसांच्या विभागाला जोडलेली. भाजलेल्याच्या अंगावर जी काही चांगली कातडी उरली असेल तिचा टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा सर्जन आम्हाला देतात. त्यातल्या पेशी आम्ही ताटल्यांत वाढवतो आणि तीन आठवड्यांनी कातडीचे पातळ पापुद्रे सर्जनच्या हातात ठेवतो. त्या पेशींना रोज खुराक लागतो. खुराक म्हणजे साखर, क्षार आणि बाकी बरंच काही घातलेलं लालसर पाणी. ते ज्या बाटल्यांत कालवायचं त्या बाटल्या काकांच्या हातच्या. त्यांत साबणाचा अंश जरी राहिला तरी तीन आठवड्यांची मेहनत एका रात्रीत पाण्यात जाते.

म्हणून काका प्रत्येक बाटली सात पाण्यांनी खळबळायचे. आधी गरम साबणाच्या पाण्यात भिजवायच्या, लांब दांड्याच्या ब्रशाने घासायच्या, मग चार पाणी नळाची आणि तीन शुद्ध केलेल्या पाण्याची. सातवं पाणी ओतून टाकताना बाटली खिडकीकडे धरायची आणि बघत राहायचं. काच स्वच्छ असेल तर पाणी न तुटता सलग खाली उतरतं. थेंब चिकटले तर तेलकटपणा राहिला, बुडबुडा राहिला तर साबण. मग पुन्हा पहिल्यापासून. आधीच्या माणसाने तीन पाण्यांवर भागवलं होतं. काका आले आणि सातावर गेले, तेव्हापासून त्यांचं नाव 'सातपाणी' पडलं. तोंडावर मात्र सगळे काकाच म्हणायचे.

ही साबणाची भुकटी म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट. नाव मोठं आहे, पण वस्तू तुमच्या न्हाणीघरातलीच आहे. शाम्पूला फेस येतो तो हिच्यामुळे, टूथपेस्टला येतो तोही हिच्यामुळे. दात घासल्यावर लगेच काही आंबट-गोड प्यायलं की कडू लागतं ना, तीही हिचीच करणी. काका आमच्याकडे यायच्या आधी सव्वीस वर्षं एका कारखान्यात होते आणि तिथे त्यांचं काम होतं ही भुकटी पोत्याने कढईत ओतायचं. कढई म्हणजे माणूस आत उभा राहील एवढी. पोतं फाडलं की पांढरा धुरळा उठायचा आणि नाकाला अशा मिरच्या झोंबायच्या की अख्खी पाळी शिंकत सुटायची. त्यामुळे कामगारांनी तिचं नाव ठेवलं होतं 'शिंकणी'. काकांनी ते नाव आमच्याकडेही आणलं, आणि वर्षभरात आमच्या मोठ्या मॅडमसुद्धा मागणीपत्रकावर खरं नाव लिहून तोंडाने 'शिंकणी संपली का हो?' विचारायला लागल्या.

"हिला दोन तोंडं असतात," मी नोकरीवर नवीन असताना काकांनी मला सांगितलं होतं. "एका तोंडाने तेल धरते, दुसऱ्याने पाणी. दोघांचं पटत नाही, ही मधे उभी राहून पटवते. कारखान्यात तेवढंच काम. कातड्याच्या कारखान्यात नेली तरी तेच, कापडाच्या नेली तरी तेच. इथे आलो तेव्हा कळलं की आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीची भिंतसुद्धा तेलाचीच असते. म्हणजे बघ, ही तिलापण धरणार."

हे मला महाविद्यालयात चार तास घालून शिकवलं होतं आणि तेव्हा कळलं नव्हतं.

आमच्या एका इमारतीत ती भुकटी तीन कामं करायची. पलीकडच्या खोलीत प्रथिनं मोजायची असली की त्यांच्या गुंडाळ्या उलगडायला ती लागायची. खालच्या खोलीत मेलेल्या माणसांनी दान केलेली कातडी तिच्या पाण्यात दिवसचे दिवस हलवत ठेवायचे, मग त्यातल्या सगळ्या पेशी धुऊन जायच्या आणि मागे पांढरी जाळी उरायची. त्या जाळीवर आम्ही जिवंत माणसाच्या पेशी बसवायचो. आणि तिसरं काम काकांच्या मोरीत, बाटल्या धुण्याचं. म्हणजे एकाच डब्यातली भुकटी, खाली तिचा हात फिरला की काम झालं आणि वर माझ्या खोलीत तिचा वारा लागला की सत्यानाश. काका तिला कधी वाईट बोलायचे नाहीत. स्वतः दात मात्र नुसत्या मिठाने घासायचे. "पोत्याने ओतलीय मी ती. तोंडात कशाला घालू?"

ते कारखाना सोडून आमच्याकडे का आले, हे त्यांनी एकदाच सांगितलं. कारखान्यात त्यांचा जोडीदार होता, पोत्याचं दुसरं टोक धरणारा. एकदा वाफेचा नळ फुटला आणि त्याची पाठ मानेपासून कमरेपर्यंत गेली. त्याला आमच्या दवाखान्यात आणलं होतं. काका रोज पाळी सुटली की यायचे आणि काचेतून बघत बसायचे. दोन महिन्यांनी तो जोडीदार उताणा झोपला. तेव्हा काकांनी विचारलं की ही कातडी कुठून आणली, आणि कुणीतरी त्यांना आमचा मजला दाखवला. तिथे मोरीत बाटल्यांचा ढीग पडलेला होता. "मला शिक्षण नाही," ते म्हणाले, "पण फेस कळतो. म्हटलं, इथे आपलं काहीतरी होईल." जोडीदार पुढे दहा वर्षं जगला, नातवंडं बघून गेला.

आता माझ्याबद्दल. मला कामात मधे कुणी बोललेलं खपत नाही. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेला असताना कुणी दारात उभं राहिलं तर मी मान वर करत नाही, 'हं' म्हणते आणि समोरचा जाण्याची वाट बघते. घरी आईने यावरून मला पुष्कळ ऐकवलंय. मी तिलाही 'हं' म्हणायची.

शेवटच्या दीड वर्षात काकांनी एक नवीन सवय लावून घेतली होती. सातवं पाणी झालं की बाटली घेऊन माझ्या दारापर्यंत यायचे, माझ्या खिडकीच्या उजेडात ती तिरकी धरायचे आणि म्हणायचे, "बघ गं पोरी, पाणी कसं उतरतंय!" पहिल्या पहिल्यांदा मी बघायची. खरंच सुरेख उतरायचं. "झकास, काका!" मग रोजच व्हायला लागलं, प्रत्येक घाण्यातली एक बाटली. मला वाटायचं, म्हाताऱ्याला कौतुक करून घ्यायला आवडतंय, घेऊ दे. मग मी न बघताच 'झकास' म्हणायला लागले. 'हं' म्हणण्यापेक्षा ते बरं, एवढाच माझा चांगुलपणा.

दुसऱ्याही गोष्टी होत्या. डब्यावरचं लेबल ते मला वाचायला सांगायचे, 'चष्मा घरी राहिला' म्हणून. पायरी उतरताना भिंतीला हात लावायचे. एकदा त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या मॅडमना टोपली समजून ओला रुमाल त्यांच्या हातावर ठेवला आणि आम्ही पोट धरून हसलो. मी आंधळी नव्हते. मी कानाडोळा करत होते, कारण नीट बघितलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे भट्टीवाली आली. वय चाळिशीतलं, नवऱ्याबरोबर पाव भाजायची. भट्टीत गॅस साठला होता, काडी ओढली आणि जवळजवळ सगळं अंग गेलं. चांगली कातडी उरली होती ती एका काखेत आणि तळपायांवर. काखेतला तुकडा सर्जननी मला आणून दिला आणि म्हणाले, "दुसरा मागू नकोस. द्यायला जागा नाही."

मी रोज दुपारी मास्क लावून तिच्या खाटेपाशी जायची. जायची गरज नव्हती, पण ही बाई बोलायची फार मजेदार. सगळं तोंड पट्ट्यांत, फक्त ओठ मोकळे, आणि माझी चाहूल लागली की पहिला प्रश्न, "फुगलं का माझं पीठ?"

"फुगतंय. अर्धी ताटली भरली."

"घाई नका करू हं. कच्चं काढलं की चिकटतं."

"तुम्हाला घाई नाही का?"

"मला आहे हो. पिठाला नसते." मग म्हणाली, "नवरा एकटाच भट्टी लावतोय. जाळतोय सगळं. गिऱ्हाईक चांगलं म्हणून बोलत नाहीत."

पंधराव्या दिवशी ताटल्या जवळजवळ भरल्या होत्या. अजून पाच-सहा दिवस, मग पापुद्रे सोडवायचे. मी सर्जनना तारीख दिली. त्यांनी शस्त्रक्रियेच्या फळ्यावर ती लिहिली. भट्टीवालीनेही नर्सकडून ती तारीख पाठ करून घेतली.

आणि त्याच आठवड्यात मोरीतला गीझर बंद पडला. थंडी अशी की नळाखाली हात धरला तर बोटं बधिर व्हावीत. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. काकांनी अर्ज लिहून घेतला माझ्याकडून, वीजवाला 'उद्या येतो' म्हणाला आणि असे चार उद्या गेले. आता शिंकणीची एक खोड आहे. गरम पाण्यात ती दिसेनाशी होते, पण पाणी गार पडलं की बारीक सुया होऊन तळाला बसते. आमच्या नळाचं पाणीही जड, त्यात तर ती काचेला पांढुरकी साय धरते. मग सात पाणी घाला की सतरा, सगळं पालथ्या घड्यावर. हे काकांना माहीत नव्हतं असं नाही. मला तेच शिकवलं होतं त्यांनी, कारखान्यात हिवाळ्यात पिंपं कशी गोठायची ते सांगून. म्हणून ते किटलीत पाणी तापवून आणत होते, मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्या स्वयंपाकखोलीतून, एका वेळी एक किटली. बाटल्या चोवीस. किटली मोरीपाशी पोचेपर्यंत कोमट, तिसऱ्या बाटलीला गार. त्या दिवशी त्यांच्या तोंडाला फेस आला असणार. मी त्यांना तीनदा किटली घेऊन जाताना बघितलं आणि दार लोटून घेतलं, कारण वारा आत येत होता.

दुपारी ते दारात आले. "बघ गं पोरी, पाणी कसं उतरतंय."

मी भट्टीवालीच्या पेशी बघत होते. इतक्या सुंदर की वर बघवेना, फरशी बसवल्यासारख्या एकाला एक लागून. मी म्हटलं, "झकास, काका."

ते थोडा वेळ उभे राहिले असतील. मग गेले. बाटल्या वाफेत निर्जंतुक झाल्या, फडताळात आल्या. दुसऱ्या दिवशी घरी जाण्यापूर्वी मी त्यांतल्या एकीत खुराक कालवला, शरीराइतका उबदार केला आणि भट्टीवालीच्या सगळ्या ताटल्यांना घातला.

सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर ताटलीत काही नव्हतं. म्हणजे होतं, पण पेशी नव्हत्या. भिंती विरघळून गेल्या होत्या, मधले ठिपके तेवढे तरंगत होते आणि बाकी सगळं चोथा. मी दुसरी ताटली लावली, तिसरी लावली. जंतूंनी असं होत नाही, आठवडाभर शिकलेल्या पोरीलाही हे कळेल. मी मोरीत गेले, फडताळातली कोरी बाटली काढली, तिच्यात किटलीतलं कोमट पाणी घातलं, झाकण लावून हलवली आणि खिडकीकडे धरली.

मानेपाशी फेसाचं कडं उभं राहिलं. पांढरं, बोटभर जाड. मी दुसरी हलवली, तिसरी हलवली.

काका ब्रश हातात धरून माझ्या शेजारीच उभे होते. बाटली त्यांच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर होती आणि ते थेट तिच्याकडे बघत होते. म्हणाले,

"फेस आहे का गं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. दीड वर्षात पहिल्यांदा नीट बघितलं. नजर बाटलीवर होती आणि बाटली त्यांना दिसत नव्हती. त्या एका क्षणात मला सगळ्या दुपारी आठवल्या, एकामागून एक, दारात तिरकी धरलेली बाटली आणि माझं 'झकास'. कौतुक करून घ्यायला येत नव्हता तो माणूस. माझे डोळे मागायला येत होता.

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी ब्रश मोरीच्या कडेला ठेवला. ठेवताना आधी हाताने कडा चाचपली.

मॅडमनी दोघांना बोलावलं. मॅडम चांगल्या आहेत, आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटते. त्यांनी विचारलं, "शेवटच्या पाण्यानंतर बाटली तपासली होती?"

"तपासली होती," काका म्हणाले.

"कुणी?"

"मी." मग त्यांनी हात पाठीमागे नेले. "मला दिसत नाही नीट, मॅडम. काचबिंदू आहे. दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकलं तर टिकलं. मी सांगायला पाहिजे होतं. चूक माझी."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. विचारलं काहीच नाही, पण बोलायला जागा होती. पुष्कळ जागा होती. मी त्यांच्या टेबलावरच्या पेन्सिली बघत राहिले. काका त्याच दिवशी गेले. जाताना त्यांनी वहीत सही केली, दोन ओळींच्या मधे तिरकी.

भट्टीवालीला सांगायचं काम माझं होतं. सर्जन म्हणाले होते की मी सांगतो, पण मीच जाते म्हटलं. निदान तेवढं तरी.

"फुगलं का माझं पीठ?"

"बसलं," मी म्हटलं. "खराब झालं. सगळं."

पट्ट्यांमागे काय झालं ते मला दिसलं नाही. ओठ थोडे हलले. मग ती म्हणाली, "होतं असं कधीकधी. रडू नका. पुन्हा मळा."

सर्जननी त्याच काखेच्या कडेने नखाएवढी कातडी काढून दिली. मी तिच्यातल्या पेशी नव्या ताटल्यांत लावल्या. प्रत्येक बाटली मी स्वतः धुतली, स्वतः कोमट पाण्याने हलवून बघितली, ताकही फुंकून प्यायचे दिवस आले होते. नवव्या दिवशी तिच्या रक्तात जंतू शिरले आणि अकराव्या दिवशी ती गेली. माझ्या ताटल्यांत तेव्हा पाव भाग पेशी वाढल्या होत्या. सर्जन म्हणाले, "वेळेवर मिळाली असती तरी वाचली असतीच असं नाही. एवढं भाजलेलं माणूस होतं." ते खरं बोलत होते. वाचली नसतीच असंही ते म्हणाले नाहीत. तिचा नवरा कपड्यांची पिशवी न्यायला आला, तेव्हा त्याच्या बाह्यांवर पीठ होतं. त्याने माझे आभार मानले. मी घेतले.

काकांकडे जायला मला पाच महिने लागले. पत्ता होता, रस्ता माहीत होता, रविवारही होते. गेले त्या दिवशी काकूंनी दार उघडलं आणि आत बघून ओरडल्या, "अहो, तुमची पोरगी आलीय!" मला वाटलं होतं दारातच मला कुणीतरी बोलेल. कुणी बोललं नाही. काकूंनी पाणी दिलं आणि डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली म्हणून बाटली आणायला आत गेल्या.

काका अजून वाळले होते. खोलीत ते सराईतासारखे फिरत होते, खुर्चीला वळसा घालून, टेबलाच्या कोपऱ्याला बोट लावून. माझा रिकामा ग्लास त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि मोरीपाशी गेले. "हिला भांड्याला हात लावू देत नाही मी," म्हणाले. "हिच्या हातचं दोन पाण्यांचं."

"काका," मी म्हटलं, "त्या दिवशी मी बघितलं नव्हतं."

त्यांनी नळ सोडला होता. तो बंद केला नाही.

"तुम्ही बाटली दाखवलीत, तेव्हा मी बघितलंच नव्हतं. नुसतं झकास म्हटलं. त्याच्या आधीही कितीतरी दिवस. ती बाई माझ्यामुळे गेली आणि मी मॅडमसमोर तोंड उघडलं नाही."

"ठाऊक आहे," काका म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"बघितलं नव्हतंस ते. आवाज खालून आला होता तुझा. मान वर करून बोललेलं वेगळं ऐकू येतं. आता एवढंच तर राहिलंय मला, ऐकायचं."

"मग मॅडमना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? पोरीचे डोळे चोरून वापरत होतो म्हणून सांगू? तुला विचारलं असतं, 'मला दिसत नाही, तू बघ', तर तू बघितलं असतंस. मी विचारलं कुठे? मी नुसतं दाखवत होतो." ग्लास त्यांनी पालथा करून निथळला, पुन्हा भरला. "त्या दिवशी परत आलो होतो मी. आवाज खालून आला म्हणून मोरीतून पुन्हा तुझ्या दारापर्यंत आलो. तू काहीतरी गुणगुणत होतीस. पेशी चांगल्या वाढल्या होत्या ना?"

"हो."

"उभा राहिलो जरा. मग वाटलं, दोनदा विचारलं की माणूस मान वर करतं. आणि बाटलीकडे नाही बघत, विचारणाऱ्याकडे बघतं. मला घरी बसायचं नव्हतं गं. त्या जोडीदाराच्या पाठीसारख्या अजून थोड्या पाठी बऱ्या व्हाव्यात असं वाटायचं. म्हटलं, सात पाणी घातलीत, असेल स्वच्छ. तसाच मागे फिरलो." त्यांनी ग्लास पुन्हा निथळला. "तुझ्या दारातून मोरीपर्यंत चौदा पावलं आहेत. अजून मोजतो मी ती."

मी रडत होते ते त्यांना ऐकू येत असणार. त्यांनी मला गप्प केलं नाही, आणि 'तुझी चूक नाही' असंही म्हणाले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. थोड्या वेळाने ते वळले आणि ओला ग्लास माझ्यासमोर धरला.

"आता बघ."

मी डोळे पुसले, ग्लास घेऊन खिडकीशी गेले आणि तिरका धरला. पाणी उतरलं. काठाच्या आत, एका जागी, मोहरीएवढे दोन बुडबुडे अडकून राहिले होते. झकास म्हणण्याची इतकी सवय झालेली की शब्द ओठांपर्यंत आला. काका आपला गुळगुळीत तळवा पुढे करून थांबले होते.

"फेस आहे, काका," मी म्हटलं. "काठाच्या आतून, डाव्या अंगाला."

"बरं." त्यांनी ग्लास घेतला, चाचपून नळाखाली धरला. "मोज."

मी मोजलं. मोठ्याने, त्यांच्या शेजारी उभी राहून, एकेक पाणी पडेपर्यंत थांबून. सात म्हटल्यावर त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला आणि मी पुन्हा खिडकीशी गेले.